महामार्गावरच्या अनोळखी माणसांनो, आभार

कॅथलिक चर्च सप्टेंबरचा शेवटचा रविवार स्थलांतरित आणि निर्वासितांसाठी राखून ठेवतं. ही प्रार्थना १९१४ पासूनची. यंदा त्या दिवशी मला तुम्हीच आठवलात.

मे २०२० मध्ये मुंबई-आग्रा महामार्गावरून मजूर पायी उत्तरेकडे निघाले होते. धुळे-शिरपूरच्या त्या उन्हात तुम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन उभ्या होतात. एका ढाबेवाल्या भाऊंनी बाळंतिणीला स्वतःची खाट दिली. आमच्या सिस्टर गाड्यांसाठी अर्ज लिहीत बसल्या, तेव्हा एक अनोळखी ताई रात्रीपर्यंत नावं उतरवत राहिल्या. तुमच्यातले बहुतेक ख्रिस्ती नव्हते, आणि कुणी जातधर्म विचारलाही नाही.

मनापासून आभार. दिवाळीनंतर नंदुरबारचे आपलेच लोक ऊसतोडीला गुजरातेत जातील. त्यांच्या रेशनच्या अर्जांसाठीही या.