मुलांच्या डॉक्टरांची सीएमई तालुक्यात घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तासगाव तालुक्यात माझं मेडिकल आहे. सांगली-मिरजेत रविवारी लहान मुलांच्या आजारांवर सीएमई, म्हणजे डॉक्टरांचं ज्ञान ताजं ठेवायचा शिकवणीचा कार्यक्रम, असली की औषध कंपन्यांचे एमआर लोक आदल्या दिवशीच सांगून जातात, उद्या सर भेटणार नाहीत. बाहेरच्या वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करताना डॉक्टरांना ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात आणि ते अशा कार्यक्रमांना जाऊन मिळतात. नियम चांगलाच आहे, पण पॉइंट मिळतो तो हॉलमध्ये बसल्याचा. सोमवारी चिठ्ठीत काय फरक पडला हे कोण बघतं? ती चिठ्ठी माझ्या काउंटरवर येते म्हणून हे पत्र.

साधं तापाचं औषध घ्या. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोच्या पोराला १२० मिलिग्रॅम. बाजारात ५ एमएलमध्ये १२० वालं सिरप आहे, २५० वालंही आहे आणि ड्रॉप्स तर १ एमएलमध्येच १०० चे असतात. आता चिठ्ठीवर नुसतं सिरपचं नाव आणि '५ एमएल ३ वेळा' असं लिहून आलं, वजन नाही, स्ट्रेंथ नाही, तर मी कुठली बाटली द्यायची? २५० ची दिली तर त्याच पोराला डबल डोस गेला. मी आईला वजन विचारतो तर ती म्हणते दवाखान्यात केलंच नाही, मग फोन लावायचा, तिकडं पेशंटची गर्दी, कंपाउंडर म्हणतो नेहमीचंच द्या. नेहमीचं म्हणजे कुठलं ते त्यालाही सांगता येत नाही.

खोकल्याच्या औषधाचं तर विचारूच नका. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ मध्ये जे झालं ते सगळ्यांनी वाचलंय, कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि वीसहून जास्त लेकरं गेली. ती भेसळ होती, कंपनीचा गुन्हा होता, त्यात इथल्या डॉक्टरांचा काय संबंध असं कुणी म्हणेल, बरोबर आहे. पण इतक्या लहान पोरांना ते सिरप मुळात लागत होतं का हा प्रश्न राहतोच ना. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिनचं सर्दीचं मिश्रण ४ वर्षांखाली देऊ नये असा इशारा लेबलवर छापा, हे केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. छिंदवाड्यानंतर तर २ वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि साधारण ५ वर्षांपर्यंत टाळायची असं केंद्राचं पत्र निघालं. थोडे दिवस चिठ्ठ्या बदलल्या. मग थंडी सुरू झाली आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

यात एकट्या डॉक्टरांना दोष देऊन चालणार नाही, सिरप दिलं नाही तर आजीच म्हणते ह्या डॉक्टरला काय कळत नाय, आणि पोराला घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जाते. म्हणून सीएमईत औषधाबरोबर हेही शिकवा की 'औषध लागत नाही' हे घरच्यांना पटवायचं कसं. जुलाबाचंही तसंच आहे, ओआरएस लिहितात पण २१ ग्रॅमचं पाकीट १ लिटर पाण्यात एकदम टाकायचं हे सांगत नाहीत, आया ग्लासात चिमूट-चिमूट टाकतात. आणि जुलाबात झिंकचं औषध १४ दिवसांचं द्यायचं ते ३ दिवसांचं लिहून येतं.

आता मुद्द्याचं. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, कर्नाटकातून पेशंट येतात, मोठे बालरोगतज्ज्ञ आहेत आणि ते वाचतात, शिकतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जतच्या पूर्वेकडचं पोर किंवा कारखान्यावर आलेल्या ऊसतोड कामगाराचं पोर रात्री ११ वाजता पहिल्यांदा कुणाकडं जातं? जवळच्या बीएएमएस (आयुर्वेद) नाहीतर बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरकडं. त्यांची काउन्सिलं वेगळी, त्या ३० पॉइंटांशी त्यांचा संबंधच नाही. जो पहिल्यांदा पोर बघतो त्यालाच आमंत्रण नाही, आणि ज्याला आमंत्रण आहे त्याला पहिल्यांदा बघायला मिळतच नाही, पोर मिरजेला पोचतं तेव्हा बरगड्या आत ओढून श्वास घेत असतं.

श्वास मोजायला मशीन लागत नाही. सदरा वर करायचा, पोर शांत असताना घड्याळ लावून पूर्ण १ मिनिट मोजायचं. २ महिन्यांखाली ६०, २ महिने ते १ वर्ष ५०, पुढं ५ वर्षांपर्यंत ४०, तेवढे किंवा त्याच्यावर गेले तर न्यूमोनियाची शंका. हे स्लाइडवर दाखवून होत नाही, हातानं करून घ्यावं लागतं. सरकारनं २००९ मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम काढला त्यात नर्स आणि डॉक्टरांना बाहुलीवर, बाळाला श्वास द्यायचा बॅग-मास्क धरायला शिकवलं, २ दिवसांचं ट्रेनिंग. तसंच ह्याचं का होऊ नये?

सीएमई होते त्या हॉटेलचा खर्च कोण करतं हे सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठी मार्केटिंगची नवी आचारसंहिता आली, भेटवस्तू आणि परदेशातल्या सीएमई बंद करायला सांगितल्या. चांगलं झालं. पण जेवणाच्या टेबलामागं कंपनीचा बॅनर असताना 'अँटिबायोटिक कमी लिहा' हे भाषण कितपत पचतं, मला शंका आहे.

बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेला आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला विनंती, पुढची सीएमई तासगाव, जत, विटा, कवठेमहांकाळ अशी फिरती ठेवा, बीएएमएस-बीएचएमएसना आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) नर्सना बोलवा. खऱ्या चिठ्ठ्या नावं झाकून पडद्यावर दाखवा आणि त्यावर बोला, चिठ्ठ्यांचे फोटो आम्ही मेडिकलवाले देऊ. लग्नसराई सोडली तर इथं मंगल कार्यालयं रिकामीच असतात, चहा-नाष्ट्याचं तालुक्यातले दुकानदार मिळून बघू, मागच्या रांगेत आम्हालाही बसू द्या.

आपला,
एक मेडिकल दुकानदार, ता. तासगाव, जि. सांगली