प्रत्येक जर्नलमध्ये ५८९३च कसे येते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या संपत आल्या की पालक हमखास विचारतात, मुलगी कॉम्प्युटरला गेली आहे, तिला भौतिकशास्त्र कशाला? प्रश्न रास्त आहे. तिच्या मोबाइलमधली फ्लॅश मेमरी इलेक्ट्रॉनांच्या टनेलिंगवर (इलेक्ट्रॉन पातळ अडथळ्यातून पलीकडे निघून जाण्यावर) चालते, आणि टनेलिंगची ओळख तिला भौतिकशास्त्रातच होते, हे त्याचे एक उत्तर. आम्हाला त्याहून मोठे कारण दिसते. अभियंत्याला आयुष्यभर आकड्यांवर निर्णय घ्यायचे असतात. कुठल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे शिकण्याची पदवीतली पहिली जागा म्हणजे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. ती जागा आपण हातची घालवत आहोत, म्हणून हे पत्र.

न्यूटन्स रिंग्जचा प्रयोग घ्या. सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवले की एकात एक गोल कड्या दिसतात, आणि त्यांच्या व्यासांवरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची असते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सरासरी ५८९३ अँगस्ट्रॉम, हे पुस्तकात छापलेले असते. प्रयोगात भिंगाची वक्रतात्रिज्या स्फेरोमीटरने, म्हणजे तीन पाय आणि मध्ये स्क्रू असलेल्या उपकरणाने, काढतात. पायांमधले अंतर ४ सेंमी आणि त्रिज्या १ मीटर असेल, तर मधला स्क्रू जेमतेम ०.२७ मिमी हलतो, आणि उपकरणाचे लघुतम माप ०.०१ मिमी असते. म्हणजे त्रिज्येतच जवळपास ४ टक्क्यांची अनिश्चितता आली. ती तशीच तरंगलांबीत उतरते. मग ५६५० ते ६१३० यांमधले कोणतेही उत्तर प्रामाणिक मानावे लागते. बॅचच्या वीसही जर्नलांत, म्हणजे प्रयोगवह्यांत, ५८९० किंवा ५८९३ आले असेल, तर ते मोजलेले नाही. ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आले आहे, किंवा उत्तर आधी धरून व्यास मागाहून बसवले आहेत. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. ५७०० लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात आणि ५८९३ लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी मिळतात, हे त्यांना पहिल्या पंधरवड्यातच कळते.

हाच प्रयोग नीट करायचा तर वेळ लागतो. सोडियमचा दिवा सुरुवातीला लालसर दिसतो आणि पूर्ण पिवळा व्हायला दहाएक मिनिटे घेतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज क्षणभर गेली तरी दिवा विझतो आणि पुन्हा तेवढाच वेळ जातो. म्हणून हजेरी घेण्याआधी दिवा लावावा. मधला ठिपका काळा दिसायला हवा. तो उजळ दिसला, तर भिंग आणि काच यांच्यामध्ये धूळ किंवा बुरशी आहे. भिंगे रुमालाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नयेत. लेन्स पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू डावीकडच्या विसाव्या कडीपासून उजवीकडच्या विसाव्या कडीपर्यंत एकाच दिशेने फिरवायचा. मध्येच मागे फिरवला की बॅकलॅशची, म्हणजे स्क्रूच्या ढिलेपणाची, चूक शिरते. पहिल्या तीन कड्या रुंद असतात, त्या सोडून द्याव्यात. चौथ्यापासून एकाआड एक कडीचा व्यास घेऊन त्याचा वर्ग कडीच्या क्रमांकासमोर मांडला की सरळ रेषा येते, आणि तिच्या चढावरून तरंगलांबी निघते. आलेख का काढायचा, हे मात्र मुलांना सांगितलेच जात नाही. धुळीच्या कणामुळे भिंग थोडे उचललेले असले, तर सगळ्या वर्गांत एक ठरावीक आकडा मिसळतो. त्यामुळे रेषा वर-खाली सरकते, पण चढ तोच राहतो. एकाच कडीवरून सूत्रात आकडे घालणाऱ्याला ही सोय मिळत नाही.

मोजण्याआधी भाकीत लिहून घेणे ही आमची मुख्य सूचना. ऑब्झर्व्हेशन टेबलच्या वर तीन ओळी असाव्यात : काय येईल असे वाटते, काय आले, आणि फरक का पडला. भिंगाखाली पाण्याचा एक थेंब सोडला तर कड्या मोठ्या होतील की लहान? बारावीला सूत्र पाठ करून आलेली बरीच मुले इथे अडतात. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला एक मिनिटही मिळत नाही, मग सूत्र आठवून आकडे घालण्याची सवय लागते आणि ‘वाढेल की कमी होईल’ हा विचार मागे पडतो. थेंब टाकल्यावर दहाव्या कडीचा व्यास ४.८५ मिमीवरून ४.२ मिमीवर येताना मुलांनी डोळ्यांनी पाहिला की अपवर्तनांक (माध्यमात प्रकाश किती मंदावतो त्याचे माप) त्यांच्यासाठी नुसते अक्षर राहत नाही.

एनर्जी गॅपच्या प्रयोगात डायोड तापवून त्यातला प्रवाह तापमानाबरोबर कसा बदलतो ते मोजतात, आणि त्यावरून अर्धवाहकातला ऊर्जेचा फरक काढतात. इथे वेगळीच अडचण आहे. जर्नलमधल्या सूत्रात चढाला ५.०४ने भागायला सांगतात. हे ५.०४ आले कुठून? बोल्ट्झमनचा स्थिरांक ०.००००८६१७ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रतिकेल्विन. त्याला २.३०३ने गुणून उलटा केला की ५०४० येतात, आणि आलेखात तापमानाचा व्यस्त हजाराने गुणून मांडलेला असतो. यातला २.३०३ दहाच्या पायाच्या लॉगमुळे आला आहे. मुलाने कॅल्क्युलेटरवर log ऐवजी ‘एलएन’चे (नैसर्गिक लॉगचे) बटण दाबले, तर जर्मेनियमचे ०.६७ ऐवजी १.५४ येते आणि खाडाखोड सुरू होते. ५.०४ कुठून आले हे एकदा फळ्यावर मांडून दाखवले की चूक कुठे झाली ते मुलेच सांगतात. शिवाय वाचने भट्टी तापताना घेऊ नयेत. तापताना थर्मामीटर आणि डायोड यांचे तापमान सारखे नसते. ८० अंशांच्या आत थांबून, भट्टी बंद करून, थंड होताना दर ५ अंशांनी वाचन घ्यावे. दमट हवेत बोर्डावरून होणारी गळती कमी तापमानाच्या टोकाला प्रवाहात मिसळते आणि रेषा तिथे वाकते. ते बिंदू खोडून न टाकता, रेषा का वाकली ते लिहायला लावावे.

वेळापत्रकाची कुचंबणा आम्ही जाणतो. प्रवेश लांबतात, वर्ग उशिरा भरतात, लगेच गणपतीची सुट्टी येते. प्रत्येक प्रयोगाचा एकच संच असल्याने बॅचेस फिरत्या क्रमाने लावाव्या लागतात, आणि व्यतिकरण (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून कड्या कशा बनतात तो भाग) शिकवण्याआधीच काहींचा न्यूटन्स रिंग्जचा नंबर लागतो. त्यावर उपाय असा की पहिले तीन-चार आठवडे सगळ्यांना एकच स्वस्त प्रयोग द्यावा. ६५० नॅनोमीटरचे लाल लेझर मोड्यूल दोनशे रुपयांच्या आत मिळते. जुन्या सीडीचा चंदेरी थर चिकटपट्टीने ओढून काढला की उरलेली चकती ग्रेटिंगचे, म्हणजे प्रकाश फाकवणाऱ्या बारीक समांतर रेषांच्या पट्टीचे, काम करते. सीडीतल्या रेषांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीतले ०.७४. भिंतीपासून २० सेंमीवर सीडी धरली, तर पहिला ठिपका मधल्यापासून सुमारे ९ सेंमीवर पडतो. डीव्हीडीचा ३७ सेंमीवर जातो. दोघांमागे एक संच सहज होतो. लेझर ५ मिलिवॉटच्या आतला असावा आणि किरण बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर नसावा, एवढे सांभाळले म्हणजे झाले.

आपल्या किनाऱ्यावर तर भौतिकशास्त्र दारात येऊन उभे आहे. मिरकरवाडा, हर्णै किंवा मालवणच्या ट्रॉलरवरचा इको साउंडर ५० किंवा २०० किलोहर्ट्झचा ध्वनी खाली सोडतो आणि प्रतिध्वनीच्या वेळावरून खोली सांगतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग २५ अंशांना सेकंदाला सुमारे १५३५ मीटर, गोड्या पाण्यात १४९७. यंत्रात वेग १५०० धरलेला असेल, तर ४० मीटर खोली ३९.१ मीटर दिसेल. हा फरक प्रयोगशाळेतल्या २ मेगाहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटरवर (द्रवातल्या ध्वनीची तरंगलांबी मोजणाऱ्या उपकरणावर) मोजता येतो. लागोपाठच्या महत्तमांमधली (मीटरचा काटा सर्वाधिक सरकतो त्या जागांमधली) वीस अंतरे मिळून नळाच्या पाण्यात ७.४९ मिमी, समुद्राच्या पाण्यात ७.६७ मिमी, आणि मायक्रोमीटर ०.०१ मिमी दाखवतो. पाणी उघड्या किनाऱ्यावरून आणावे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर झालेले असते आणि उत्तर फसते. दोन्ही नमुन्यांच्या तापमानात एका अंशाहून जास्त फरक नसावा, कारण एका अंशाने वेग सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास बदलतो. पाणी ओतून थोडा वेळ स्थिर राहू द्यावे. ध्वनी सोडणाऱ्या स्फटिकावर बुडबुडे बसले तर महत्तमे पुसट होतात. प्रयोग संपताच भांडे डिस्टिल्ड वॉटरने धुवावे, नाहीतर क्षार साचतात.

विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. १८६८ सालच्या त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेली हेलियमची पिवळी रेषा सोडियमच्या रेषांपासून केवळ दीड-एक नॅनोमीटर दूर होती. इंचाला १५,००० रेषा असलेल्या ग्रेटिंगवर हा फरक पहिल्या क्रमात (मधल्या रेषेलगतच्या पहिल्या वर्णपटात) कोनाच्या ३ मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या तिपटीचा, आणि दुसऱ्या क्रमात ८ मिनिटांचा येतो. आपल्या स्पेक्ट्रोमीटरचे लघुतम माप १ मिनिट असते. इतक्या बारीक फरकावरून नवे मूलद्रव्य कसे ओळखले गेले, हे सिंधुदुर्गातल्या मुलांना हाताने मोजून कळू शकते. हे त्यांना मिळालेच पाहिजे.

उपकरणांबद्दल थोडे. लहान फिलामेंट बल्ब कपाटाच्या खालच्या कप्प्यात पावसाळाभर लावून ठेवला, तर भिंगे वाचतात. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना कपाटातली हवा ३२ अंशांवर नेली, की आत आर्द्रता ६८ टक्क्यांच्या आसपास येते, आणि बुरशीचा जोर ओसरतो. एलईडी दिवा इथे चालत नाही, त्यातून पुरेशी उष्णता निघत नाही. हे गणित मुलांनाच सोडवायला द्यावे.

वर्गातही बदल करता येतो. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१पासून वापरलेली पद्धत साठ मुलांच्या वर्गात सहज बसते. एक प्रश्न फळ्यावर, मिनिटभर विचार, मग रंगीत कार्डे वर. एक तृतीयांशहून कमी बरोबर असतील तर पुन्हा शिकवावे, दोन तृतीयांशहून जास्त असतील तर पुढे जावे. मधले सगळे असेल तर शेजाऱ्याशी दोन मिनिटे वाद घालू द्यावा, आणि तो वाद मराठीत, मालवणीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत होऊ द्यावा. यामुळे फरक पडतो का? अमेरिकेतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून रिचर्ड हेक यांनी १९९८ साली दाखवले, की यांत्रिकीत जे शिकायचे बाकी होते, त्यापैकी नुसत्या व्याख्यानाने सरासरी २३ टक्के साधले, आणि मुलांना बोलते करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

विद्यापीठ आणि महाविद्यालये यांच्याकडे आमचे मागणे एवढेच की टर्मवर्कचे, म्हणजे सत्रभराच्या प्रयोगकामाचे, गुण उत्तर पुस्तकाशी जुळण्यावर देऊ नयेत. अनिश्चितता किती आणि ती कुठून आली, यावर द्यावेत. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी वीस मिनिटांत एक मोजमाप करून घ्यावे. चकती सीडीची की डीव्हीडीची ते लेझर आणि फूटपट्टीने ओळख, एवढेही पुरे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना पहिल्या वर्षाची ही प्रयोगशाळा मिळतच नाही. त्यांच्यासाठी सत्राच्या सुरुवातीला दोन शनिवार राखून न्यूटन्स रिंग्ज आणि एनर्जी गॅप हे दोन प्रयोग तरी करून घ्यावेत. संच आहेत, सोडियमचे दिवे आहेत, फक्त वेळापत्रकात जागा हवी.

आपले,
अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवणारे काही अध्यापक,
रत्नागिरी