ओमारूच्या किनाऱ्यावरून

डनेडिन, न्यूझीलंड,
रविवार रात्र

प्रिय दिन्या,

राणीच्या बागेतला फोटो मिळाला. काचेला नाक चिकटवून उभी असलेली चिमी आणि पलीकडे तो पेंग्विन. ‘तुझ्याकडचे हेच का रे?’ असं तू विचारलंस. नाही. ते हम्बोल्ट, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. आमच्याकडचे निळे पेंग्विन त्यांच्या निम्मेच. उभे राहिले तर जेमतेम दीड वीत, वजन किलोभर. इथले मूळचे माओरी लोक त्यांना कोरोरा म्हणतात.

परवा ते बघायला मुद्दाम ओमारूला गेलो. अंधार पडता पडता लाटांवर एक काळपट डाग दिसला. जवळ आला तेव्हा कळलं, वीस-पंचवीस पेंग्विन अंगाला अंग लावून पोहत होते. किनाऱ्याला लागले, पण वर येईनात. पहिला दोन पावलं पुढे यायचा, थबकायचा, परत पाण्यात; की सगळे त्याच्यामागे. तीनदा असं झालं. मग एकदम सगळेच पुढे झुकून दगडांवरून बिळांकडे धावत सुटले. ओल्या पंजांचा तो चटचट आवाज अजून कानात आहे.

असं घोळक्याने येणं ही ऑस्ट्रेलियाच्या निळ्या पेंग्विनांची रीत. न्यूझीलंडचे मूळचे बहुधा एकेकटे येतात. मधे दोन हजार किलोमीटरचा टास्मान समुद्र, आणि पेंग्विन अंडी घालायला शक्यतो जिथे जन्मला तिथेच परततो. त्यामुळे कित्येक हजार पिढ्या दोन्हीकडच्यांची सोयरीक जवळजवळ झालीच नाही. डीएनएमधले लहानसहान बदल इकडे वेगळे साचले, तिकडे वेगळे. आता या दोन प्रजाती मानायच्या की एकाच प्रजातीच्या दोन शाखा, यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

मग ओमारूचे, म्हणजे आमच्या ओटागो किनाऱ्याचे, ऑस्ट्रेलियाच्या वळणाचे कसे? कारण ते मुळात तिकडचेच आहेत! इथल्याच विद्यापीठातल्या स्टेफनी ग्रोसर, जॉन वॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या किनाऱ्यावर सापडलेल्या पेंग्विनांच्या जुन्या हाडांमधून डीएनए काढला. आईकडून पिल्लांना जसाच्या तसा मिळणारा जो डीएनए असतो, त्यावरून घराणं ओळखता येतं. 1500 सालाच्या आधीची सगळी हाडं न्यूझीलंडच्या घराण्याची निघाली. ऑस्ट्रेलियाचे पेंग्विन इथे स्थिरावले ते 1500 ते 1900 च्या दरम्यान. माणूस आला, शिकार झाली, कुत्री आली, इथले पेंग्विन घटले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत समुद्रापलीकडून आलेल्यांनी संसार थाटला. 2016 साली हे प्रसिद्ध झालं. ते तिकडच्या घराण्याचे आहेत हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं; पण ते इतक्या अलीकडे आले, हे या जुन्या हाडांनी दाखवलं.

दिन्या, हे वाचल्यापासून मला चैन नाही. कारण याच किनाऱ्यावर हे आधीही घडलंय. इथल्या पाच डॉलरच्या नोटेवर पिवळ्या डोळ्यांचा होइहो पेंग्विन आहे. तो इथला मूळचा असंच सगळे धरून चालले होते. 2009 मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएवरून कळलं, की मुख्य भूमीवर पूर्वी त्याचा एक लहान चुलतभाऊ राहायचा, वाइताहा पेंग्विन. माणसं आल्यावर काही शतकांतच तो संपला, आणि होइहो दक्षिणेकडच्या थंड बेटांवरून येऊन त्याच्या जागी राहिला. एक अख्खी प्रजाती नाहीशी झाली आणि कुणाला पत्ताच नव्हता, कारण किनारा रिकामा दिसत नव्हता. आता होइहोची मुख्य भूमीवरची घरटीही झपाट्याने कमी होताहेत.

त्या रात्री घोळका बिळांत गेला, माणसं उठून निघाली, मी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने लाटेतून एकजण एकटाच वर आला. मागे राहिलेला असेल, किंवा जुन्या घराण्यातला. अंधारात काय कळणार? हळूहळू, अजिबात न थबकता, दगड चढून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे तुमच्या डिसेंबरात, चिमीला घेऊन या. काकूंना नमस्कार.

तुझा,
बंड्या