नळदुर्गचा पूल आणि १३ सप्टेंबर

मा. संपादक,

परवा भल्या पहाटे नळदुर्गात पायी हिंडलो. बालाघाटची बोचरी थंडी, बोरी नदीवर धुकं, किल्ल्याच्या काळ्या दगडांवर दव. टपरीवर चहाच्या कपावर बोटं शेकली. पावसाळ्यात लोक नर-मादी धबधबा बघून परततात. पण १३ सप्टेंबर १९४८ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, पुढची वाट मोकळी झाली. १७ तारखेला हैदराबादच्या निजामाने हार मानली. आमची आजी याला 'पोलीस ॲक्शन' म्हणायची. रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचं, नाव निघालं की म्हातारपणीही उठून दाराची कडी बघायची. पुलाजवळ ही हकीकत सांगणारा ठळक मराठी फलक लावा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झालं की गुरुजींनी मुलांना तिथवर चालत न्यावं.

– एक वाचक, धाराशिव