त्यांनी गाव विकलं नाही

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलास, "बाबा, लिटल बे आयलंड्सवाल्यांनी सरकारकडून घरटी अडीच-अडीच लाख डॉलर घेतले आणि गाव विकलं." तेव्हा मी काही बोललो नाही. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

पोरा, कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाकडच्या त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कॉड मासा मारला, मीठ लावून मांडवांवर वाळवला, जसे आपले बोंबील वलांडीवर वाळतात. मग बाहेरचे मोठे ट्रॉलर आले. १९६८ या एका वर्षात आठ लाख टनांवर कॉड उपसला गेला. २ जुलै १९९२ ला सरकारने कॉडची मासेमारीच बंद केली आणि तीसेक हजार माणसं घरी बसली. दर्या समोर आणि जाळं खुंटीला. ते काय असतं ते मला विचार.

गावं उठायला तर त्याआधीच सुरुवात झाली होती. १९५४ ते १९७५ मध्ये तीनशेच्या आसपास वस्त्या रिकाम्या झाल्या. तू पाठवलेला १९६१ चा फोटो मी मोबाइलवर मोठा करकरून पाहतो. सिल्व्हर फॉक्स बेटावरचं अख्खं लाकडी घर पाण्यात तरंगतंय आणि होड्या ते ओढतायत! अशी घरं ओहोटीला किनाऱ्यापर्यंत आणायची, रिकामी पिंपं बांधायची आणि भरतीची वाट बघायची. गाव विकणारा माणूस घर असं सोबत नेतो का रे?

लिटल बेला खेकड्यांचा कारखाना बंद पडला, शाळेत पोरं उरली नाहीत. गाव सोडायच्या बाजूने नव्वद टक्के मतं पडली तरच सरकार मदत देणार होतं. २०१५ ला पडली ८९.४७ टक्के. एवढ्याशा गावात 'नाही' कुणी म्हटलं ते लपतं का? पुढची चार वर्षं शेजारी एकमेकांकडे कसे गेले असतील? मला पैशांपेक्षा हेच टोचतं. २०१९ ला सगळ्यांनी 'हो' म्हटलं. ३१ डिसेंबरला फेरीबोट थांबली, वीज तोडली. एक जोडपं तेवढं सोलर लावून मागे राहिलं.

आपला मचवा मी काढून टाकला तेव्हा तू दहावीत होतास. मासळी लागत नव्हती, डिझेल परवडत नव्हतं. तरी वाडीत लोक बोललेच, पैशासाठी धंदा मोडला म्हणून. त्या रात्री आजोबा जेवले नाहीत.

तुझ्या ऑफिसातला तो गृहस्थ तिकडचाच ना? त्याला पैशांचं विचारू नकोस. त्याच्या घरचे मासे कुठे वाळायचे, ते विचार. आई सोडे पाठवतेय, त्यातले थोडे त्यालाही दे.

तुझे,
बाबा