पाण्याचं नाव काढणार नव्हते

घोलवड, सोमवार

प्रिय मनू,

काल फोन मी आपटला, तू नाहीस. बाबा म्हणाले, पत्र लिही, कागदावर तुझा आवाज चढत नाही. म्हणून बसले आहे. पाण्याचं नाव काढायचं नाही असं ठरवूनच.

मेक्सिकोतल्या तुलुमचा तो दिवस अजून मनातून जात नाही. कुठे म्हणून घाई केली नाहीस तू. ऊन तापायच्या आत माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष बघून झाले. कड्यावरचं ते दगडी देऊळ, एल कास्तियो, खाली निळाशार समुद्र, दगडांवर आपल्या घोरपडीसारखे दिसणारे इग्वाना. तू बाबांना सांगत होतीस, १५१८ साली स्पॅनिश जहाजं याच किनाऱ्याजवळून गेली. मी समुद्र बघतच नव्हते, तुला बघत होते. पहिलीत बाईंना स्वतःचं नाव सांगताना रडलेली माझी पोर, आणि टॅक्सीवाल्याशी स्पॅनिशमध्ये भाडं ठरवते!

आणि ते जेवण! केळीच्या पानात भाजलेला मासा, तिकिन शिक. आचिओतेच्या लाल बिया आणि आंबट संत्रं यांचं वाटण होतं, पण पान उघडल्याबरोबर मला आजीची चूलच आठवली, तिच्या निखाऱ्यांवरची बोय. हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत हे पहिल्या घोटालाच कळलं. चिकूचं झाड मूळचं त्याच भागातलं, त्याच्या चिकापासून पूर्वी चघळायचा गम करायचे, हे तू सांगितलंस तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला. तुझी कॉलेजची फी ज्या वाडीतून गेली, तिचं माहेर ते. नंतर रस्त्याकडेला झाड दिसलं तर खोडावर हात ठेवून किती वेळ उभे होते! त्यांनी तुला सांगितलं नसेल, त्यांचे डोळे भरले होते.

दुपारी सेनोते, जमीन खचून झालेलं ते पाण्याचं खोल कुंड. आता हे आलंच. मी लाइफ जॅकेट घालून दोरीला धरून होते, पाणी इतकं स्वच्छ की खालची कासवं दिसत होती. तू बुडी मारलीस. मी मोजत होते. चाळीस झाले तेव्हा तुझं डोकं वर आलं, हसत. संध्याकाळी वाळूत बसून तू विचारलंस, आई, गप्प का? मी म्हटलं, दमले.

आणि काल म्हणतेस, तिथे परत जाऊन गुहेत डायव्हिंग शिकणार. वर तो पाटीचा फोटो: सांगाडा उभा, याच्या पुढे जाऊ नका. तुला गंमत वाटली. मनू, ती पाटी उगाच लावतात का? त्या साक अक्तुन गुहेच्या पाण्याखालच्या वाटा साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहेत, तूच सांगितलंस. तिथे माणसाला वर यायचं म्हटलं तर डोक्यावर दगड असतो. तीस वर्षांच्या मुलीला हे कळू नये? नोकरी आहे, व्हिसाचं अजून लटकलेलं आहे...

बघ, लागले ओरडायला. चुकले. तू विचार केल्याशिवाय काही करत नाहीस, हे मला ठाऊक आहे.

पण दादाच्या वेळीही बोर्डीचा समुद्र शांत होता. भरती अजून लांब होती. आपण ते बोलत नाही, मीही थांबते.

बाबांनी रात्री बसून वाचून काढलं. म्हणाले, नियम असतो: टाकीतली एक तृतीयांश हवा आत जाताना, एक तृतीयांश परतताना, आणि उरलेली हात न लावता ठेवायची. मला तेवढंच जरा बरं वाटलं. ती शेवटची तिसरी वाटणी माझी समज. तिला हात लावायचा नाही. आणि गुहेत दोरी टाकलेली असते म्हणे, ती सोडायची नाही.

शिकवणारा कोण आहे, किती वर्षं शिकवतो, विचारून घे. रागावू नकोस, मी परवानगी नाकारत नाही, ती मागितलीस कुठे तू.

चिकूच्या सुकवलेल्या फोडी कुरियरने पाठवते आहे, वेगळ्या डब्यात मेतकूट.

ज्या दिवशी उतरशील त्या दिवशी आधी सांगू नकोस. वर आलीस की फोन कर. इकडे रात्र असली तरी कर.

तुझी
आई