आरव्हीसाठी डिझेल पिकअप घेताना दारावरची चिठ्ठी आधी वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पर्यटन पुरवणीतील अमेरिकेतल्या आरव्ही (राहण्याची सोय असलेले वाहन किंवा ट्रेलर) प्रवासावरचा लेख आवडीने वाचला. मी बरीच वर्षे कोलोरॅडोत राहतो आणि उन्हाळ्यात कुटुंबासह फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात पुढचा भाग टेकवून ओढायचे फिरते घर, घेऊन हिंडतो. इकडे निवृत्त झालेली अनेक मराठी मंडळी आता या प्रवासाकडे वळत आहेत, म्हणूनच लेखातल्या एका विधानाबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. पाऊण टनी (अर्धा टनी आणि एक टनी यांच्या मधल्या वर्गातला) डिझेल पिकअप घेतला की हवा तो ट्रेलर जोडता येतो, अशा अर्थाचे ते विधान आहे. याच समजुतीने मी माझा पहिला ट्रक घेतला आणि दोन उन्हाळे घरच्या चौघांना घेऊन, नकळत का होईना, मर्यादेबाहेरचे वजन घाटांतून चालवले.

ट्रक किती वजन ओढू शकतो आणि स्वतःच्या पाठीवर किती पेलू शकतो, हे दोन वेगळे हिशेब आहेत. जाहिरातीत पहिला आकडा ठळक छापतात. दुसरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, पिवळी पट्टी असलेल्या एका लहानशा पांढऱ्या चिठ्ठीवर असतो. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये, एवढेच त्यावर लिहिलेले असते. फिफ्थ व्हील ट्रेलरचा पुढचा भाग ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीच्या सांगाड्यावर) टेकतो आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा थेट ट्रकवर येतो. मागच्या बंपरखाली जोडायच्या ट्रेलरमध्ये हे प्रमाण दहा ते पंधरा टक्के असते. हा सगळा भार त्या चिठ्ठीवरच्या आकड्यातूनच वजा करायचा असतो, हे मला विक्रेत्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माझ्या ट्रकच्या चिठ्ठीवर २,१५० पौंड लिहिले होते. आम्ही चौघे मिळून ६०० पौंड, हिचचे १८० आणि हौद्यातील जनरेटर व अवजारांचे २०० पौंड वजा केले की उरले १,१७०. ट्रेलर भरल्यावर १२,४०० पौंडांचा होत होता आणि त्यातले २,४८० पौंड ट्रकवर येत होते. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी एका ट्रक थांब्यावरच्या कॅट वजनकाट्यावर गाडी नेली, तेव्हा माणसे, सामान आणि ट्रेलरचा पाठीवरचा भार धरून १०,००० पौंडांची एकूण वजनमर्यादा असलेल्या माझ्या ट्रकचे वजन ११,३१० पौंड भरले, म्हणजे जवळजवळ सहाशे किलो जादा. ती पावती हातात घेऊन मी बराच वेळ गाडीत तसाच बसून होतो. इंजिनाने कधी तक्रार केली नव्हती, चढावर गाडी कधी दमली नव्हती, त्यामुळे शंका यायला काही कारणच मिळाले नव्हते.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा बरेच जड असते. पाऊण टनी ट्रकची एकूण वजनमर्यादा बहुधा १०,००० पौंडांच्या आसपास ठेवलेली असते, त्यामुळे इंजिनाचे वाढीव वजन माणसे आणि सामान यांच्याच वाट्यातून जाते. जास्त ताकदीसाठी साधारण दहा हजार डॉलर जादा मोजून घेतलेला ट्रक त्याच बांधणीच्या पेट्रोल ट्रकपेक्षा पाठीवर कमी पेलतो, तो असा. (पाऊण टन, एक टन ही नावेही जुन्या काळची आहेत, आजच्या ट्रकच्या खऱ्या क्षमतेशी त्यांचा संबंध उरलेला नाही.) जाहिरातीतले आकडे खोटे असतात असे माझे म्हणणे नाही. ते एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार ठरतात आणि त्यासाठी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमजवळचा लांब चढ भर उन्हात चढण्याची अट असते. मात्र त्या हिशेबात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. चार जणांचे कुटुंब आणि त्यांचे सामान त्यात कुठेच बसत नाही.

डिझेलला माझा विरोध नाही; आजही माझ्याकडे डिझेलच आहे. कोलोरॅडोच्या डोंगरांतील आयसेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता ११,१५८ फुटांवर पोहोचतो, आणि तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन धापा टाकते. पश्चिमेकडे सिल्व्हरथॉर्नला उतरताना एक्झॉस्ट ब्रेकने (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणाऱ्या ब्रेकने) गाडी धरून ठेवली की पायाखालचे ब्रेक तापत नाहीत, हे सुख ज्याने तो उतार ट्रेलरसह केला आहे त्यालाच कळेल. फक्त वर्षाचे दहा महिने ट्रक गावातल्या गावातच फिरणार असेल, तर धुरातली काजळी अडवणारा फिल्टर पुरेसा तापत नाही आणि तुंबू लागतो. अशांनी पेट्रोल ट्रकच घ्यावा. निळ्या झाकणाच्या टाकीत भरायचे युरियाचे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेले, तर हजारो डॉलरचा भुर्दंड बसतो, हेही घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवावे.

माझा आताचा ट्रक एक टनी असून मागे दुहेरी चाके आहेत. या वर्गात एकूण वजनमर्यादा १४,००० पौंडांपर्यंत जाते, आणि पाऊण टनी व एक टनी ट्रकच्या किमतींतला फरक डिझेलसाठी मोजाव्या लागणाऱ्या जादा पैशांच्या मानाने थोडा असतो. म्हणून माझा आग्रह आहे की आधी ट्रेलर ठरवावा, त्याचे रिकामे वजन न धरता भरल्यावरचे कमाल वजन धरावे, आणि मग विक्रेत्याच्या आवारात उभ्या असलेल्या नेमक्या त्याच ट्रकचे दार उघडून चिठ्ठी वाचावी, कारण एकाच नमुन्याच्या दोन ट्रकांवरही हा आकडा वेगळा असू शकतो. वाहन चालवण्याच्या परवान्याचे नियमही राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात १५,००० पौंडांवरच्या फिफ्थ व्हीलसाठी, तर टेक्सासमध्ये ट्रक आणि १०,००० पौंडांवरचा ट्रेलर मिळून २६,००० पौंडांच्या पुढे गेल्यास, खासगी वापरासाठीही वरच्या वर्गाचा परवाना लागतो.

या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर ट्रकच्या देखण्या छायाचित्राशेजारी दाराच्या चौकटीवरच्या त्या चिठ्ठीचेही छायाचित्र, आकडे वाचता येतील एवढे मोठे करून, छापावे अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, कोलोरॅडो